बिनमेणाची मेणबत्ती

दुपारचे दोन वाजले होते. वैशाखाच्या त्या उन्हात सावरखेड्याची कुत्रीसुद्धा बैलगाड्यांखालून बाहेर निघायला तयार नव्हती. माणसाला कुत्र्याइतकी अक्कल असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गावातल्या चर्चसमोर दीडशे माणसं डोक्यावर पदर आणि दुपट्टे घेऊन उभी होती. शेतकरी होते, तांड्यावरच्या बाया होत्या, ढाणकीहून गाडी जुंपून आलेले दोन दुकानदार होते, आणि कोणीतरी आपला आजारी बोकडही आणला होता.

चर्च म्हणजे तरी काय? मातीच्या चार भिंती, वर टिनाचं छप्पर, छपरावर लाकडी क्रूस. गावात ख्रिस्ती घरं अकरा. एरवी रविवारी आत बसायला जागा मागावी लागत नसे. आज आत श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

"वाकली का वं?" बाहेरून कोणीतरी ओरडलं.

"नाई अजून! पन लवून राह्यली!"

"कोनाकडं?"

"दिसून नाई राह्यलं. मधात पंजाबरावाचा फेटा हाय!"

शिमोन भिंतीला टेकून घाम पुसत उभा होता. तो या चर्चचा राखणदार. झाडलोट करणं, घंटा वाजवणं, मेणबत्त्यांच्या वाती कातरणं आणि फादर महिन्यातून एकदा यवतमाळहून आले की त्यांच्यासाठी कोंबडी पकडणं, ही त्याची कामं. किल्ली त्याच्या कमरेला असे. गेल्या आठ दिवसांत मात्र त्या किल्लीला काही अर्थ उरला नव्हता, कारण चर्चचा ताबा ब्रदर ज्योतिदास महाराजांनी घेतला होता.

नावातच त्याने सगळ्यांची सोय करून ठेवली होती. गळ्यात क्रूस होता, क्रूसाशेजारी रुद्राक्ष होता, आणि कोणी मुसलमान शेतकरी आला तर असावा म्हणून खांद्यावर हिरवा रुमालही होता. त्याच्यापुढे तिवईवर पितळी ठाणकं आणि ठाणक्यात एक पांढरीशुभ्र, उंच, सडपातळ मेणबत्ती जळत होती.

"बंधूंनो, भगिनींनो, माताओ!" त्याने दोन्ही हात वर केले. "मेण म्हणजे देह! वात म्हणजे आत्मा! ज्योत म्हणजे परमात्मा! हे कोण म्हणतं? फादर म्हणतात. पण फादर तिथे थांबतात आणि मी पुढे जातो! ही मेणबत्ती म्हणजे रेडिओची तार आहे, तार! पापी माणूस समोर आला की तारेला खबर लागते. जिथे पाप, तिथे ताप! जिथे ताप, तिथे बत्तीचा झुकाव!"

"वा!" पंजाबराव म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, म्हणूनच त्याला ते फार आवडलं.

तापाबद्दल महाराज अगदी खरं बोलत होते. वर टिन तापलेलं, खाली शंभर माणसांचा उबारा. त्या खोलीत माणूस वाकत होता, मग मेणबत्तीने काय करावं? पण हे कोणाच्या ध्यानात येईना. मेणबत्तीने वेळ लावला की महाराज आणखी एक भजन घेत. तिसऱ्या भजनापर्यंत ती टिकत नसे.

हे सुरू कसं झालं, ते शिमोनशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो तोंड उघडत नव्हता.

ईस्टरला फादरनी वेदीशेजारी मोठी मेणबत्ती उभी केली होती. मनगटाएवढी जाड, रंगाने पिवळसर, तिच्यावर क्रूस आणि १९६० हे साल कोरलेलं. ख्रिस्त मरणातून उठला त्याची ही खूण, स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत दर उपासनेला लावायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. "आणि शिमोन, वेदीवरच्या दोन लहान मेणबत्त्या संपल्या की शुद्ध मेणाच्याच लाव. मधमाशीने गोळा केलेल्या मेणाच्या. मिशनचं पार्सल येईलच."

पार्सल आलं नाही. शिमोन ढाणकीला रामलालच्या दुकानात गेला. "मेणबत्ती हाय का?" त्याने विचारलं. रामलाल म्हणाला, "हाय." दोघंही खोटं बोलले नाहीत. पुडक्यातल्या बत्त्या बगळ्यासारख्या पांढऱ्या होत्या. शिमोनला वाटलं, याहून शुद्ध ते काय असणार?

मेच्या पहिल्या रविवारी भर प्रार्थनेत दोन्ही बत्त्यांनी हळूच माना टाकल्या. नेमक्या वेदीमागच्या क्रूसाच्या दिशेने. "प्रभूले नमन केलं!" कोणीतरी किंचाळलं आणि बायका गुडघ्यांवर आल्या. शिमोनला पुडकं आठवलं. आपण भलतंच काहीतरी आणलं, हे त्याला कळून चुकलं होतं. पण सांगावं कसं? फादर काय म्हणतील? किल्ली काढून घेतील. शिवाय दुसऱ्या दिवशी चर्च भरलं, तिसऱ्या दिवशी ओसंडलं. कधी नव्हे ते लोक त्याला "शिमोनभाऊ" म्हणू लागले. माणूस होता बिचारा, गप्प बसला. आणि बुधवारी, वास काढत यावा तसा, ज्योतिदास हजर झाला.

त्याने नमनाचा न्याय केला. मेणबत्ती पाप्याकडे वाकते म्हणे! पहिल्या दिवशी ती एका दारुड्याकडे वाकली. त्यावर कोणाला नवल वाटलं नाही, पण विश्वास बसला. मग ती सासूकडे वाकली, मग सुनेकडे. ज्याच्याकडे वाकली त्याने महाराजांना कोंबडी द्यायची, असा प्रायश्चित्ताचा नियम होता. आठ दिवसांत महाराजांच्या गालांवर तकाकी आली.

आज मात्र प्रकरण गंभीर होतं. किसनराव पाटलांच्या दोन्ही म्हशी एकाच आठवड्यात आटल्या होत्या. मे महिन्यात, हिरवा चारा नसताना म्हशी आटतात, हे किसनरावांना पन्नास वर्षं माहीत होतं. पण चमत्कार दाराशी आला की माहीत असलेलंही माणूस विसरतो. म्हशींना कोणाची नजर लागली ते बत्तीला विचारायचं ठरलं. घरी येणारी-जाणारी पाच माणसं बत्तीभोवती गोलाने उभी केली होती. त्यांत तांड्यावरची सोनीबाई होती.

सोनीबाई बंजारा सुईण. तांडा आणि गाव मिळून तिच्या हातावर किती पोरं जन्मली, हे तिलाही आठवत नसे. दोन वर्षांपूर्वी पाटलांच्या सुनेचं, विमलचं, पहिलं बाळ पायाळू आलं, तेव्हा हिनेच दोघांना वाचवलं होतं. आता विमलचे दिवस पुन्हा भरत आले होते.

तिसरं भजन सुरू झालं आणि मेणबत्तीची मान कलली. आणखी कलली. पेटलेलं टोक थेट सोनीबाईच्या कपाळाकडे वळलं.

"मिळाली!" महाराज गरजले. "म्हशींचं दूध हिच्या डोळ्यांनी प्यायलंय!"

"म्या काय केलं वं याडी, वं माय!" सोनीबाईने दोन्ही हात जोडले, दंडावरच्या हस्तिदंती बांगड्या वाजल्या. "मी गोठ्यात गेलीच नाई. विमलचं पोट पाह्याले आलती!"

"ऐकलंत? पोटावरही नजर!" महाराजांनी लगेच तेही पदरात पाडून घेतलं. "अमावास्येपर्यंत हिने गावच्या शिवेत पाऊल ठेवायचं नाही. नाहीतर म्हशींनंतर कोणाची पाळी, ते मी सांगत नाही!"

किसनरावांचा चेहरा पांढरा पडला. "सोनीबाई, तू आता घराकडं नको येऊ," ते म्हणाले. तांड्यावरच्या बायाही तिच्यापासून दोन पावलं मागे सरल्या. सोनीबाई मान खाली घालून उन्हातून चालू लागली. पुडक्याची गोष्ट शिमोनने आताही सांगितली नाही. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी तो चर्च झाडत असताना पाटलीणबाई, म्हणजे इंदूबाई, आत आल्या. चप्पल त्यांनी दारात काढली, पण आवाज काही बाहेर ठेवला नाही.

"शिमोनभाऊ, माह्या सुनेचे दिवस भरले. पुसदचा दवाखाना इथून बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर हाय. अशा उन्हात गाडीतच काही झालं, तर तुहा बत्तीबाबा येईन का बाळंतपन कराले?"

"मी काय करू, पाटलीनबाई? बत्ती वाकली."

"कायले वाकली?"

शिमोन झाडू मारत राहिला. इंदूबाई वेदीजवळ गेल्या. मोठ्या मेणबत्तीकडे त्यांनी खालून वर पाहिलं. "ही नाई वाकत?"

"नाई. महाराज म्हनते, ती देवाची बत्ती हाय, ती कोनाचा न्याय नाई करत."

इंदूबाईंनी तिला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरे, हे त मेन हाय! माह्या करंड्यातलं मेन हे!" त्यांनी कपाळावरच्या कुंकवाला हात लावला. "हे पाह्य. रोज सकाळी आधी मेन लावतो, मग वरून कुंकू. दिवसभर चुलीपाशी बसतो, वावरात जातो. एवढ्या उन्हात कोन्या बाईचं मेन कपाळावरून नाकावर आलेलं पाह्यलं का तू?"

"नाई."

"मग हे काय हाय?" त्यांनी दुपारची वाकडी बत्ती उचलली, वास घेतला. "हिले त रॉकेलचा वास हाय. कोनी आनली?"

आता मात्र शिमोनला भिंत पुरेना. त्याने सगळं सांगून टाकलं. रामलालचं दुकान, पुडकं, पहिला रविवार, सगळं. "मी मेनबत्तीच मांगतली होती बाई," तो रडवेला होऊन म्हणाला.

"अन् मेन कुठी हाय हिच्यात? नाव मेनबत्ती, अन् हे निघते जमिनीतल्या तेलातून! थंडीत ठीक हाय. आपल्या वैशाखात हिनं काय ताठ उभं राह्यचं?" त्या बोलता बोलता थांबल्या. "पन मऊ झाली त कोनीकडंबी पडन. नेमकी सोनीबाईकडंच काहून?"

शिमोन सुपलीतल्या कचऱ्याकडे पाहत राहिला. मग त्याने बोटांनी त्यातून एक अर्धी काडी उचलली. गुल मोडलेली आगकाडी. "ही मले रोज सापडते," तो हळूच म्हणाला. "रोज, ठानक्याखाली. मी म्हनो, महाराज बिडीच्या काड्या टाकत असन. मले रागच येत होता. पन बिडीवाला कायले गुल मोडन?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिमोनने ठाणकं सपाट फरशीवर ठेवलं आणि एका बाजूला काडी सरकवली. ठाणकं कलतंय हे डोळ्याला दिसतसुद्धा नव्हतं. इंदूबाई खुदकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "काल हा आमच्या ओसरीवर जेवला. कोन येते, कोन जाते, कोनावर संशय हाय, सगळं खोदून खोदून इचारत होता. अन् आमचे धनी सांगत होते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाईंनी महाराजांना भर चौकात गाठलं. "महाराज, आज सकाळीच बत्ती लावू ना. उन्हाच्या आधी, थंडाईचं."

"सकाळी देवदूत विश्रांती घेतात, माई."

"अन् दुपारी दोनले उठते का? बरं, दुपारी लावा. पन आमची एक बत्ती तुमच्या बत्तीशेजारी लावाची. बायकांचा नवस हाय."

नवसाला नाही कसं म्हणणार? तोवर गावातल्या बावीस करंड्यांतलं मेण गोळा झालं होतं. घरच्या कापसाची वात वळून इंदूबाईंनी पाटावर अगदी महाराजांच्या बत्तीच्या मापाची बत्ती लाटली. रंग मात्र कुंकवाचा अंश राहिल्यामुळे गुलाबीसर आला. पंजाबराव म्हणाला, ही बत्ती लाजली.

दोन वाजले. आज गर्दी दुप्पट होती. इंदूबाईंनी माणूस धाडून सोनीबाईलाही बोलावून घेतलं होतं. ती दारात अंग चोरून उभी होती. महाराजांनी हिरव्या रुमालाखाली 'आसनशुद्धी' केली आणि बत्ती लावली. मग शिमोन फडकं घेऊन पुढे झाला. "महाराज, जरा धूळ पुसतो." त्याने दोन्ही ठाणकी पुसली. फडकं दोनदा त्याच्या हातून खाली पडलं.

"आज शेवटचा न्याय!" महाराज गरजले. "ज्याने म्हशींचं दूध पळवलं त्याच्याकडे ही बत्ती आज पुन्हा झुकेल!" आणि पाप-तापाची तार पुन्हा सुरू झाली. एक भजन झालं. दुसरं झालं. गुलाबी बत्तीला घाम आला, तिच्या अंगावर दोन ओघळ उतरले, खोलीभर मधाचा वास पसरला, पण ती ताठ होती. पांढऱ्या बत्तीची मान मात्र कलू लागली.

सगळ्यांची नजर तिच्या टोकावर होती. टोक सोनीबाईकडे गेलं नाही. पाटलांकडे गेलं नाही. ते वळलं, खाली आलं आणि ब्रदर ज्योतिदास महाराजांच्या पोटाकडे रोखून थांबलं.

महाराजांचं भजन 'प्रभू' या शब्दावर अडकलं.

"बाबाच हाय!" पंजाबराव ओरडला. "बत्तीनं बाबाले धरलं! म्हशी ह्यानंच आटवल्या!"

"माह्या चार कोंबड्या!" मागून कोणीतरी आठवण दिली.

"हाना त्याले! बत्ती खोटं नाई बोलत!"

माणसं पुढे सरकली. महाराज तिवईमागे सरकले. आणि हे पाहून शिमोन खरा घाबरला. त्याला वाटलं होतं, बत्ती बाबाकडे वाकली की लोकांना लबाडी कळेल. इथे तर बत्तीवरचा विश्वास दुणावला! काल याच माणसांनी सोनीबाईला हाकललं होतं, आज तीच बाबाला बडवणार होती, आणि उद्या ही बत्ती कोणाकडे वाकेल कोणास ठाऊक. आयुष्यात कधी नव्हे तो शिमोन तिवईशेजारच्या बाकावर चढला.

"थांबा!" तो एवढ्या जोराने ओरडला की बोकडही गप्प झाला. "बत्तीचं ऐकू नका! आतातरी ऐकू नका! बाबानं काडी सोनीबाईच्या अंगानं वाकाले ठेवली होती, मी ती पुसता पुसता फिरवली. मी! देवानं नाई, देवदूतानं नाई, या हातानं!"

त्याने वाकून ठाणकं उचललं. खाली अर्धी आगकाडी होती. मग गुलाबी बत्तीचं ठाणकं उचललं. त्याखालीही तशीच काडी होती.

"तिच्याखालीबी ठेवली होती. पन ते खरं मेन हाय, ते वाकत नाई. हे रामलालच्या दुकानचं, हे तापलं की मऊ पडते, अन् जिकडं उतार तिकडं जाते. पहिल्या रविवारी बत्त्या क्रूसाकडं वाकल्या ते नमनबी नव्हतं." इथे त्याचा आवाज खाली आला. "वेदीच्या टेबलाचा मागचा पाय वाळवीनं खाल्ला हाय. मले माईत होतं, बत्ती हलकी हाय. मी बोललो नाई. मले गर्दी गोड वाटली. फादर आले की मी सोताच त्याहिले सांगीन, अन् किल्ली त्याहिच्या हातात देईन."

पंजाबराव पुढे आला, त्याने स्वतःच्या खिशातली काडी मोडली, ठाणक्याखाली पलीकडच्या अंगाला घातली, नवी बत्ती लावली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. भजन कोणीच म्हटलं नाही. अर्ध्या तासाने बत्ती त्याच्याकडे वाकली. त्याने काडी काढून विरुद्ध बाजूला घातली, दुसरी बत्ती लावली. तीही गेली उलटीकडे. "च्यायला," तो म्हणाला, "हे त मलेबी येते!" आणि चर्चमध्ये इतकं हसू उसळलं की महाराजांनी त्या गोंधळात दार गाठलं. दारात इंदूबाई उभ्या होत्या. त्यांनी त्याला मारू दिलं नाही, पण ज्यांच्या घरची कोंबडी खाल्ली त्या प्रत्येक घरी जाऊन काडीची गोष्ट सांगायला लावली. एकवीस घरं झाली. शेवटच्या घरी त्याचा आवाज बसला होता.

फादरची मेणबत्ती या सगळ्यात शांतपणे आपल्या जागी उभी होती. तिने जळायचं, उजेड द्यायचा, एवढंच तिचं काम. त्या उजेडात पाहायचं कोणी? ज्याला डोळे आहेत त्याने. चमत्कार दिसला की गुडघे टेकण्याआधी एकदा ठाणकं उचलून पाहावं. खाली काही नसेल तर देव काही रागावणार नाही. आणि निकाल आपल्या मनासारखा लागला असेल, तर दोनदा उचलून पाहावं.

चर्चमधला हशा ओसरत होता तेव्हाच किसनराव पाटील गर्दीतून वाट काढत सोनीबाईसमोर आले होते. दुपट्ट्याचं टोक ते पिळत राहिले.

"सोनीबाई, घरी चाल. सुनेचं पोट दुपारपासून दुखून राह्यलं. चूक झाली माही. बत्तीनं..."

"बत्तीनं काय केलं, पाटील?" सोनीबाईने पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र कोरडा होता. "मी येतो. विमल माही लेक हाय, तिच्यासाठी येतो. पन पुढच्या खेपेले कोनाकडं बोट दाखवाचं असन, त सोताचं दाखवा. बत्तीचं नोका दाखवू."